फाटक दिसणारी खिडकी

आमच्या ऑफिसात घर विकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट ऐकवत असे. तुमचं घर मी विकत नाही, जाहिरातीतल्या पहिल्या चार ओळी विकतात, आणि त्या ओळी लिहिणारा माणूस तुमच्या घरात कधी पाऊलसुद्धा टाकणार नाही. लोक चमकायचे. त्यांचे चेहरे बघायला मला मजा वाटायची. आता वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच सांगायला बसले आहे.

त्या ओळी लिहिणारे म्हणजे आमचे लेखकराव. हे नाव मीच ठेवलं, थट्टेनं. माणूस पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. डबा तीन कप्प्यांचा, त्यातला एक कप्पा कायम रिकामा, कारण घरी जाताना त्यातून मिरच्या-कोथिंबीर न्यायची असे. बावीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात प्रुफं तपासली. छापखाना बंद पडला तेव्हा भाड्यानं लहान जागा मिळते का ते विचारायला ते माझ्याकडे आले, आणि मी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होते तेवढ्यात खिशातली पेन्सिल काढून माझ्या फळ्यावर चिकटवलेली जाहिरात दुरुस्त करून मोकळे झाले.

माझ्या नाकावर माशी बसलेली मला खपत नाही. मी म्हटलं, "इथं घरं विकतात, शुद्धलेखन नाही."

"घर विकायचं असेल तर 'प्रशस्त' काढा," ते म्हणाले. "तुम्ही तीनदा लिहिलंय. एकदा लिहिलं तर माणूस विश्वास ठेवतो. तीनदा लिहिलं की त्याला वाटतं, पाय पसरायला तरी जागा असेल का?"

मी रागानं तो शब्द दोन ठिकाणी खोडला. चार महिने पडून असलेलं ते घर नऊ दिवसांत गेलं. दहाव्या दिवशी मी त्यांना बोलावणं धाडलं आणि मागच्या कपाटांच्या आडोशाला टेबलखुर्ची दिली.

त्यांचा एक कायदा होता. खोटं लिहायचं नाही, खऱ्यातलं निवडून लिहायचं. लहान घराला ते कधी लहान म्हणत नसत, 'आटोपशीर' म्हणत. ज्या खोलीत ऊन येत नाही ती 'भर उन्हाळ्यात गार'. घर रस्त्याला चिकटून असलं तर 'सगळं हाताशी', रस्त्यापासून कोसभर आत असलं तर 'गडबडीपासून लांब'. एका घराला जिनाच असा उभा होता की मी फोटोवाल्याला घेऊन चढले तेव्हा मला दोनदा थांबावं लागलं. त्यावर लेखकरावांनी लिहिलं, 'वरच्या मजल्यावर विनाकारण कुणी येत नाही.' मी पोट धरून हसले. घर एका अभ्यासू माणसानं घेतलं, आणि तो अजून मला भेटला की धन्यवाद देतो.

आता माझा कायदा सांगते, कारण पुढचं सगळं त्यानंच घडलं. लेखकरावांच्या आधी माझ्याकडे एक लिहिणारा होता. त्यानं एका मालकाचं नाव-पत्ता आपल्या साडूला सांगितला आणि साडूनं मला वगळून परस्पर सौदा केला. तेव्हापासून मी ठरवलं, लिहिणाऱ्याला घर कुणाचं ते कळूच द्यायचं नाही. मालक फॉर्म हातानं भरून देई. मी तो टाइप करून घेई. नाव, पत्ता, फोन असलेली वरची पट्टी कात्रीनं कापून टाकी आणि उरलेल्या कागदावर नुसता नंबर घाली. फोटोवरूनही पत्ता लागतो, म्हणून फोटो दाखवायचे नाहीत. मालक ऑफिसात आले की लेखकरावांनी कपाटामागून बाहेर यायचं नाही. त्यांना याचं काही वाटत नसे. उलट म्हणत, "बरं आहे. फोटो बघितला की माणूस भिंतींबद्दल लिहितो. मला माणसांबद्दल लिहायचं असतं."

त्यासाठी त्यांनी फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न घालायला लावला होता. 'या घरातली अशी एक गोष्ट सांगा, जी सोडून जाणं तुम्हाला जड जाईल.' मला तो निव्वळ चोंबडेपणा वाटला. एका मालकानं त्यापुढे लिहिलं, 'काहीही नाही, लवकर विका.' लेखकरावांनी तेही वाया घालवलं नाही, 'ताबा ताबडतोब' असं लिहिलं. दुसऱ्या एका बाईंनी लिहिलं की न्हाणीघरात गाताना आवाज छान लागतो. जाहिरात तिथूनच सुरू झाली, आणि पहिल्या आठवड्यात गाणारी तीन माणसं येऊन न्हाणीघरात उभं राहून आलापी करून गेली. तेव्हापासून मी त्या प्रश्नाला नावं ठेवणं सोडलं.

लेखकराव स्वतःबद्दल फार बोलत नसत. एवढं माहीत होतं की आईवडील लहानपणीच गेले आणि बारा वर्षांनी मोठ्या असलेल्या बहिणीनं त्यांना वाढवलं. ती लग्न होऊन सासरी गेली तेव्हा त्यांनाही बरोबर घेऊन गेली. भावजी भले माणूस. मेहुण्याला त्यांनी शिकवलं, छापखान्यात चिकटवलं. बहिणीला मूलबाळ नाही, आणि आता भावजीही नाहीत. दर रविवारी सकाळी लेखकराव तिच्याकडे जात आणि जेवून संध्याकाळी परत येत. सोमवारी त्यांच्या डब्यात ताईच्या हातचं काहीतरी असे आणि ते मला न विचारता अर्धं माझ्या ताटलीत ठेवत.

पुढे काम वाढलं. जाहिराती सोमवारी सकाळी निघायच्या, म्हणजे रविवारी त्यांच्यावर शेवटचा हात फिरायला हवा. मी त्यांना रविवारी यायला सांगितलं. ते म्हणाले, "रविवारी मी ताईकडे जातो."

मी म्हटलं, "ताई कुठं पळून जातेय का?"

हे वाक्य माझं आहे. मी ते सहज म्हटलं, पेन शोधता शोधता म्हटलं, आणि ते हसले. पुढच्या रविवारी ते ऑफिसात आले. त्याच्या पुढच्याही आले. त्यांनाही गोडी लागली होती, हे खोटं नाही. तुमचं लिखाण वाचून माणसं लांबून घर बघायला येतात म्हटल्यावर कुणाला लागणार नाही? सोमवारचा डबा नुसता घरचा येऊ लागला. माझ्या ते लक्षात आलं होतं. मी विचारलं नाही.

असंच वर्ष होत आलं असेल. एक दिवस दुपारी पासष्टीच्या एक बाई ऑफिसात आल्या. धुवट साडी, हातात कापडी पिशवी, पाठ ताठ. घर विकायचं म्हणाल्या. लेखकराव नेमके दाढ दाखवायला गेले होते, म्हणून कपाटामागं कुणी नव्हतं. मी फॉर्म दिला. बाईंनी पिशवीतून स्वतःचं पेन काढलं आणि अर्धा तास लावून, एकेक अक्षर कोरल्यासारखं काढत, तो भरला. चार खोल्या, पुढं मोकळी जागा, लोखंडी फाटक, मागं पाण्याची टाकी. मूळच्या तीन खोल्या, चौथी नंतर यजमानांनी पुढच्या अंगाला काढली आणि तिथं स्वयंपाकघर नेलं.

शेवटच्या प्रश्नापाशी त्या थांबल्या. मग विचारलं, "तुमच्याकडे हे वाचून लिहितं कोण?"

"आहेत आमचे एक," मी म्हटलं. "हात फार चांगला आहे."

"हं," त्या म्हणाल्या आणि स्वतःशीच हसल्या. मग त्या प्रश्नापुढे बराच वेळ लिहीत बसल्या.

त्यांनी काय लिहिलं ते मी इथं जसंच्या तसं देते, कारण तो कागद अजून माझ्याकडे आहे. 'स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक दिसतं. माझा धाकटा भाऊ रविवारी येतो. तो फाटकाशी दिसला की मी चहा टाकते, म्हणजे तो दार वाजवेपर्यंत उकळी येते. त्याला वाटतं, ताईकडे चहा कायम तयारच असतो. आता अकरा महिने तो आलेला नाही. तरी रविवारी मी खिडकीशी बसते. ही खिडकी सोडवत नाही, आणि हिच्यामुळेच घर सोडायचं आहे.'

मी वाचलं. बाई एकट्या असतील, भाऊ नालायक असेल, असं मनात येऊन गेलं. तेवढंच. रोज असं काहीबाही लोक लिहितात. मग मी टाइप करायला बसले आणि नेहमीची कात्री चालवली. घरच्या माणसांचा उल्लेख राहिला की कुणाचं घर ते कळतं, म्हणून यजमानांनी वाढवलेल्या खोलीची हकिकत काढली, भाऊ काढला. अकरा महिने काढले, कारण रडगाणं वाचून घर कोण घेतं? कागदावर उरलं ते एवढं: 'स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक दिसतं. येणारं माणूस आधीच दिसतं, त्यामुळे चहा वेळेवर टाकता येतो.' वरची पट्टी कापली. नंबर घातला एकशे अठरा.

पंधरवड्यानं त्याची पाळी आली तेव्हा लेखकरावांनी तो कागद वाचला आणि खुर्चीत मागं टेकले. "वा," म्हणाले. दुपारभर ते त्या एका कागदावर होते. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून वाचून दाखवलं:

'या घरात आधी चहा उकळतो, मग दार वाजतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक दिसतं, त्यामुळे आपलं माणूस उंबऱ्याशी येण्याआधीच घराला कळतं. चार मोकळ्या खोल्या, भक्कम बांधणी, पुढं-मागं जागा. मोठ्या कुटुंबाला शोभेल असं घर. आता नव्या माणसांची वाट बघतंय.'

त्यांनी इतकं चांगलं आधी कधी लिहिलं नव्हतं. मी तसं म्हणालेसुद्धा. ते लाजले, चष्मा पुसू लागले आणि म्हणाले, "घर कुणाचं ते विचारत नाही. पण ही बाई भाग्यवान असणार. हिच्याकडे माणसांचा राबता असणार बघा." काखेत कळसा म्हणतात तो असा, आणि वळसा घालायला त्यांना मीच धाडलं होतं.

छापायच्या आधी मजकूर मालकाला दाखवायची माझी पद्धत आहे. मी तो बाईंना पाठवला. दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज कोरडा होता. "त्यांनी असं लिहिलंय ना? मग ठीक आहे. एकही शब्द बदलू नका." मला वाटलं, पसंत पडलं. मी लेखकरावांना सांगितलंही, "एकशे अठरा नंबरच्या बाई खूश आहेत." ते दिवसभर गुणगुणत होते.

घर बघायला एक जोडपं आलं. नवरा बसवर चालक, पाळ्या वाकड्यातिकड्या, कधी पहाटे घरी येणार तर कधी भर दुपारी. बायको घरात शिरली ती थेट स्वयंपाकघरात जाऊन खिडकीशी उभी राहिली. बाकीच्या खोल्या नवऱ्यानं बघितल्या. ती तिथून हलली नाही. शेवटी बाईंना म्हणाली, "काकू, हे येताना मला दिसतील." बाई म्हणाल्या, "दिसतील. डाव्या बाजूचं झुडूप वाढू देऊ नका." व्यवहार तिथंच ठरला.

मग सहीचा दिवस. बाई आल्या, कागद शांतपणे वाचले, सही केली. जोडपं पुढं निघून गेलं. बाई मात्र उठल्या नाहीत. म्हणाल्या, "आता झालं ना सगळं? मग ज्यांनी लिहिलं त्यांना बोलवा."

सही झाली म्हणजे माझा कायदा संपला. शिवाय मला माझ्या माणसाचा तोरा मिरवायचा होता. मी मोठ्यानं हाक मारली, "लेखकराव, बाहेर या. एकशे अठराच्या मालकीणबाई तुमचं कौतुक करायला थांबल्यात."

लेखकराव कपाटामागून आले. शर्ट खाली ओढून नीट केलेला, हात जोडलेले, चेहऱ्यावर संकोचाचं हसू. दोन पावलं आले आणि थांबले. जोडलेले हात तसेच राहिले.

"ताई? तू इथं कशी? बरं आहे ना?"

"बरं आहे की," बाई म्हणाल्या. "आत्ताच सही केली. छान लिहिलंस हो, बाळ्या."

"काय लिहिलं?"

"घराचं."

"कुणाच्या घराचं?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. त्यांची ती ताठ पाठ खुर्चीत हळूहळू खाली गेली. "तुला माहीत नव्हतं?" त्या म्हणाल्या. "माझं अक्षर होतं रे. ते पण ओळखलं नाहीस?"

खोलीत तिघं होतो आणि खरं काय झालंय ते त्या क्षणी फक्त मला कळलं होतं. लेखकराव एकदा तिच्याकडे, एकदा टेबलावरच्या सहीच्या कागदांकडे बघत होते. मी ड्रॉवर उघडला, एकशे अठराची फाइल काढली आणि तो हातानं लिहिलेला फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. प्रुफं वाचायच्या सवयीनं बोट ओळीवरून फिरवत वाचू लागले. 'माझा धाकटा भाऊ' पाशी बोट थांबलं. मग पुन्हा सरकलं. 'अकरा महिने' पाशी ते खाली बसले. खुर्ची नव्हती तिथं, जमिनीवरच बसले. चोपन्न वर्षांचा माणूस माझ्या ऑफिसच्या फरशीवर मांडी घालून बसला होता आणि मला त्यांना उठवायची हिंमत होत नव्हती.

"हे मला दिलंच नाही," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

"मी टाइप करताना काढलं," मी म्हटलं. "भाऊ काढला. चूक माझी आहे." मी आयुष्यात फार वेळा हे वाक्य म्हटलेलं नाही. त्या दिवशी ते म्हणूनही काही हलकं झालं नाही.

ताई बोलल्या तेव्हा आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मी सात वेळा फोन केला. सातही वेळा तू म्हणालास, पुढच्या रविवारी. मग म्हटलं, हा माझं ऐकत नाही, पण कागदावरचं वाचतो. लोकांच्या घरातलं वाचतोच आहे, आपल्याही घरातलं वाचेल. म्हणून याच ऑफिसात आले. वाटलं, फॉर्म बघशील आणि धावत येशील, ओरडशील माझ्यावर, घर कसलं विकतेस म्हणून. दोन रविवार बसले खिडकीशी. तू नाही आलास. जाहिरात आली."

"ताई, मला—"

"त्यात लिहिलं होतं, घर आता नव्या माणसांची वाट बघतंय. मला वाटलं, तू मला सांगतोयस. ताई, माझी वाट बघणं सोड आता."

लेखकरावांनी मान वर केली. मी त्यांचा चेहरा बघितला आणि दुसरीकडे बघू लागले. "ती ओळ मी सगळ्यांना लिहितो ताई," ते म्हणाले. "सगळ्यांना. एकशे सतरालाही तीच आहे."

बाहेर कुणीतरी फळ्यावरच्या जाहिराती वाचत उभं होतं आणि वाचताना ओठ हलवत होतं. मग लेखकराव एकदम उठले आणि माझ्यापुढे येऊन म्हणाले की हे रद्द करा. काय वाटेल ते करा, पण रद्द करा. मी म्हटलं, करते. खरंच केलं असतं. जोडप्याच्या पाया पडले असते.

"काही रद्द करायचं नाही," ताई म्हणाल्या. "मी त्या मुलीला शब्द दिलाय. तिचा नवरा पहाटे घरी येतो. आणि माझी जागा बघून झाली आहे. दोन खोल्या, लिफ्ट आहे. स्वयंपाकघराला खिडकी नाही. मी ते बघूनच घेतली."

"खिडकी नाही म्हणून घेतलीस?"

"खिडकी असली की माणूस बघतो रे. नसली की आपलं काम करतो."

त्यांनी पिशवी उचलली, फॉर्मकडे एकदा बघितलं आणि निघाल्या. लेखकराव मागोमाग गेले, अनवाणीच, चपला कपाटामागं राहिल्या होत्या. मी दारातून बघितलं तर दोघं रस्त्याच्या कडेनं चालले होते, ताई पुढं आणि ते दोन पावलं मागं.

किल्ल्या द्यायच्या दिवशी मी सकाळीच त्या घरी गेले. सामान आदल्या दिवशी हललं होतं. ते लेखकरावांनीच हलवलं, चार दिवस रजा टाकून. आता घरात फक्त स्वयंपाकघरातलं एक स्टूल होतं, कारण ते शेवटी न्यायचं असं ताईंचं म्हणणं होतं. जोडपं अकराला येणार होतं. ताई शेजारणीचा डबा परत करायला आणि तिचा निरोप घ्यायला गेल्या होत्या. लेखकराव रिकाम्या खोल्यांतून फिरत होते. पुढच्या खोलीत एका जागी उभे राहून म्हणाले, "मी कायम इथं बसायचो. खुर्ची इथं असायची. ताई आतून चहा घेऊन यायची. आत जायची कधी वेळच आली नाही. हे स्वयंपाकघर झालं तेव्हा मी वेगळा राहायला लागलो होतो, पाहुणा झालो होतो."

मग ते आत गेले. आपण ज्या खिडकीबद्दल लिहिलं ती त्यांनी पहिल्यांदा बघितली. स्टुलावर बसले. स्टूल खिडकीकडे तोंड करूनच ठेवलेलं होतं, हलवावं लागलं नाही. मी दारात उभी राहिले. फाटक स्वच्छ दिसत होतं, आणि फाटकाच्याही पलीकडे वळणापर्यंतचा रस्ता दिसत होता. जाहिरातीत त्यांनी फक्त फाटक लिहिलं होतं. इतक्या लांबचं दिसतं हे त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

थोड्या वेळानं वळणावर ताई दिसल्या. लेखकराव पुढं वाकले. ताई हळू चालत होत्या, उजवा पाय जरा ओढत. एका घराच्या कुंपणाला धरून थांबल्या, पुन्हा निघाल्या. ऑफिसात आल्या तेव्हा अशा चालल्या नव्हत्या, निदान माझ्यासमोर तरी नाही.

"ही अशी चालते?" लेखकराव म्हणाले. "कधीपासून?"

ताईकडे गेलं की ताई घरात असायची, हसत दार उघडायची. ती चालत येताना त्यांनी कधी बघितलीच नव्हती. येणारे कायम तेच असत, आणि बघणारी ती असे.

ताई फाटकाशी पोचल्या. तिथं त्यांनी एक हात फाटकावर ठेवला आणि उभ्या राहिल्या, दम खात. लेखकराव उठले. त्यांचा हात ओट्याकडे गेला. ओटा रिकामा होता. शेगडी गेली होती, भांडी गेली होती, कोपऱ्यात काडेपेटीसुद्धा नव्हती. हात तसाच हवेत राहिला. मग ते पुढच्या खोलीतून जाऊन दारापाशी पोचले आणि ताईंनी हात उचलायच्या आत त्यांनी दार उघडलं.

ताई पायरीवर थबकल्या. "वाजवायच्या आधीच उघडलंस?"

"दिसलीस," लेखकराव म्हणाले. "ताई, लांबूनच दिसतेस गं."

"मग," ताई म्हणाल्या. "दिसतंच."

अकराला जोडपं आलं. किल्ल्या दिल्या. चालकाच्या बायकोनं स्टूल मागून घेतलं आणि ताईंनी ते दिलं.

मी आता फॉर्मची पट्टी कापत नाही. टाइपही करत नाही, मालकाचा कागद जसाच्या तसा लेखकरावांना देते, मग कुणी सौदा परस्पर केला तरी करो. ते अजून लिहितात, पण ती शेवटची ओळ त्यांनी पुन्हा कधी लिहिली नाही. रविवारी ऑफिस बंद असतं. एका रविवारी काही कागद न्यायला मीही त्यांच्याबरोबर ताईंच्या नव्या जागी गेले. लिफ्टनं वर गेलो. त्यांनी दार वाजवलं. आतून कुणाला काही दिसत नाही, कोण आलंय ते कळत नाही. ताईंना उठून यायला वेळ लागतो. तेवढा वेळ ते हातातली पिशवी सांभाळत बंद दारापुढं उभे होते आणि दुसऱ्यांदा दार वाजवत नव्हते.